प्लॅस्टर निघाल्यानंतर : चारोटी परिसर आणि भौतिकोपचार

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर, मुंबईपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, डहाणू तालुक्यात चारोटी हे गाव वसलेले आहे. पश्चिमेस डहाणूचा रस्ता, पूर्वेस कासा व पुढे जव्हार, उत्तरेस तलासरी आणि गुजरातची सीमा, असा हा मोक्याचा नाका होय. विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या चैत्रातील यात्रेस येणाऱ्या भाविकांची येथे रीघ लागते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी जवळच्या सूर्या नदीवरील पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले आणि चारोटीचे नाव देशभर पोहोचले. त्यानंतर रस्त्याच्या रचनेची आणि आसनपट्ट्याच्या सक्तीची पुष्कळ चर्चा झाली व ती योग्यच होती. अपघातातून जो वाचतो, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र चर्चेच्या बाहेरच राहिला.

या भागातील दुखापती केवळ महामार्गावर होतात असेही नाही. भातशेतीच्या राबासाठी झाडांच्या फांद्या तोडताना, ताडावर वा शिंदीवर ताडीसाठी चढताना, चिकूच्या वाडीत फळे उतरविताना माणसे पडतात. वीटभट्टीवर ओझी वाहून पाठ धरते. लावणीच्या दिवसांत स्त्रिया दिवसभर कमरेत वाकून असतात आणि त्याआधी उन्हाळ्यात डोईवर पाण्याचे हंडे वाहिलेले असतात. डहाणू व तलासरी या अनुसूचित क्षेत्रातील बहुसंख्य कुटुंबांचे भांडवल म्हणजे त्यांचे शरीर, आणि एका खांद्याचे वा गुडघ्याचे काम थांबले की घरातील चुलीवर त्याचा परिणाम होतो.

दुखापत झालेल्या रुग्णास बहुधा कासा किंवा डहाणू येथील उपजिल्हा रुग्णालयात नेले जाते. प्रकृती गंभीर असल्यास वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते. तेथे हाड बसविले जाते, क्वचित सळई घातली जाते, प्लॅस्टर चढते. ठरलेल्या मुदतीनंतर प्लॅस्टर निघते आणि कागदावर ‘व्यायाम करावा’ असा शेरा घेऊन रुग्ण आपल्या पाड्यावर परततो. व्यायाम कोणता, किती आणि कसा, हे सांगणारा माणूस शहरात राहतो. त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा जावयाचे तर भाडे हवे, सोबतीला माणूस हवा आणि त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून रुग्ण जात नाही. क्ष-किरण छायाचित्रात हाड उत्तम जुळलेले दिसते, पण हात डोक्यापर्यंत जात नाही. वैद्यकीय नोंदीत हा रुग्ण ‘बरा’ असतो, तो कामावर परतला की नाही याची नोंद कोणीच ठेवत नाही.

असे का घडते, हे समजून घेणे कठीण नाही. सांध्याभोवती एक पिशवीसारखे आवरण असते. सांधा हलत राहिला तर ते लवचीक राहते, आठवडेच्या आठवडे स्थिर राहिला तर ते आक्रसते व त्याचे पापुद्रे एकमेकांस चिकटू लागतात. कुर्च्येला पोषण मिळते तेही मुख्यतः हालचालीमुळे. स्नायूंचे तर याहून लवकर नुकसान होते. प्लॅस्टरमधून बाहेर आलेली पोटरी दुसऱ्या पायाच्या पोटरीपेक्षा बारीक दिसते, ती याच कारणाने. गेलेली शक्ती परत येते, पण ती ठरावीक श्रमाने व क्रमाक्रमाने. भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी या शास्त्राचा गाभा एवढाच आहे. विजेची यंत्रे, शेक देणारे दिवे ही त्याची साधने असून ती दुय्यम होत. यंत्र नाही म्हणून उपचार नाही, ही समजूत शहरातही आहे, आणि तिने खेड्याचे अधिक नुकसान केले आहे.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच सुरू झाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. पोलिओने लुळी पडलेली बालके हा त्या काळी या विद्येपुढील मोठा प्रश्न होता. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. आज या शास्त्राकडे येणारे रुग्ण मुख्यतः अपघात, अर्धांगवायू, मधुमेहात आखडणारा खांदा आणि कष्टाने झिजलेले गुडघे यांचे असतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायास स्वतंत्र वैधानिक चौकट मिळाली आहे.

चारोटीच्या पाड्यावर मात्र उपचाराचे उद्दिष्टच वेगळे ठरवावे लागते. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या नागरी रुग्णाचा गुडघा काटकोनापर्यंत वाकला तरी त्याचे बरेचसे व्यवहार सुरळीत चालतात. येथील स्त्रीला चुलीपुढे उकिडवे बसावे लागते, शौचास उकिडवे बसावे लागते, चिखलात उभे राहून आवण लावावे लागते. त्यासाठी गुडघा काटकोनाच्या पुष्कळ पलीकडे वाकला पाहिजे आणि घोटाही लवचीक हवा. पुरुषाला बांधावरून, खाचखळग्यांतून अनवाणी चालावे लागते. हाच विचार १९६८ मध्ये जयपूर येथे रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तयार केलेल्या ‘जयपूर फूट’मागे होता. भारतीय माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, पाण्यात उतरतो, हे लक्षात घेऊन तो कृत्रिम पाय घडविण्यात आला. व्यायामाचे वेळापत्रकही तसेच घडवावयास हवे. शहरातील पुस्तिकेचे भाषांतर येथे पुरेसे पडत नाही.

साधनांविषयी डहाणू तालुक्याला बाहेरचे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे ताराबाईंनी व अनुताई वाघ यांनी शाळेत न येणाऱ्या मुलांकडे शाळाच नेली. अंगणात बालवाडी भरविली, गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली आणि बिया, शंख, पाने, माती यांतून शैक्षणिक साधने उभी केली. पुढे देशभर पसरलेल्या अंगणवाडीची कल्पना या परिसराने दिली आहे. रुग्ण केंद्रापर्यंत येत नसेल तर केंद्राने अंगणापर्यंत जावे, हे सूत्र भौतिकोपचारासही तंतोतंत लागू पडते. १९७८ च्या अल्मा-आटा घोषणेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेली ‘समाजाधारित पुनर्वसना’ची कल्पना याहून फार वेगळी नाही.

पाड्यावर काय करता येईल? अंगणात चार मजबूत मेढी रोवून त्यांवर दोन बांबू कमरेच्या उंचीवर आडवे बांधले, की चालण्याच्या सरावासाठी समांतर दांड्या तयार होतात. आखडलेल्या खांद्याच्या रुग्णाने भिंतीकडे तोंड करून बोटे हळूहळू वर सरकवावीत व जेथपर्यंत हात पोहोचला तेथे खूण करावी. वारली घराच्या गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाची रेघ उठून दिसते आणि आठ दिवसांनी ती रेघ किती वर गेली हे घरातील लहान मूलही सांगू शकते. आढ्यावरून दोरी टाकून निरोगी हाताने दुखऱ्या हातास वर ओढता येते. गुडघ्याखाली कापडाची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावयाची, दहापर्यंत मोजावयाचे व सोडावयाचे, हा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम तर, डॉक्टरांची हरकत नसेल तेव्हा, प्लॅस्टर असतानाही करता येतो. प्रमाणाचा नियमही सोपा आहे. व्यायामानंतरचे दुखणे थोड्या वेळात ओसरले तर प्रमाण योग्य, दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेले राहिले वा सूज आली तर ते कमी करावे. पहिला धडा मात्र प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावयास हवा, कारण कोणते हाड केव्हा भार सोसेल हे गावात ठरविता येत नाही.

आता हाडवैद्य, भगत आणि मालिश करणारी वृद्ध माणसे यांच्याविषयी. रुग्ण प्रथम त्यांच्याकडे जातो, ही वस्तुस्थिती होय, आणि तिची टिंगल करून आरोग्य कर्मचाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. जुन्या कंबरदुखीत, श्रमाने आंबलेल्या स्नायूंना कोमट तेलाने हलक्या हाताने केलेले मर्दन व ऊब यांनी आराम मिळतो. योगासनांपैकी सौम्य आसनेही उपयुक्त ठरतात. परंतु काही ठिकाणी मर्यादा काटेकोरपणे पाळाव्या लागतात. ताज्या मोडलेल्या हाडावर मालिश करू नये. कोपराच्या बाबतीत तर हा नियम मोडल्यास कायमचे नुकसान होते. दुखावलेला कोपर चोळला वा जोराने ताणला, तर स्नायूत हाडासारखा कठीण थर बनतो व हात अर्ध्यावरच अडकतो. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्यानंतर बोटे थंड, निळसर वा बधिर झाली, वेदना वाढत गेल्या, तर पट्टी तत्काळ सैल करून रुग्णालय गाठले पाहिजे. अशा वेळी काही तासांतच स्नायू मरू लागतात. बधिर कातडीवर शेक देऊ नये. एवढ्या गोष्टी हाडवैद्यास सन्मानाने समजावून सांगितल्या आणि संशयित रुग्ण पुढे पाठविण्यात त्याला सहभागी करून घेतले, तर तोच उपकेंद्राचा उपयुक्त सहायक ठरू शकेल.

झाडावरून पडलेल्या माणसाविषयी एक सूचना प्रत्येक शाळेत सांगितली जावी. रस्ता नसलेल्या पाड्यांतून रुग्णास झोळीत घालून आणण्याची पद्धत आहे. पाठीच्या कण्यास मार लागला असल्याची शंका असताना झोळी घातक होय, कारण तीत कणा वाकतो. दाराची फळी किंवा शिडीवर सपाट बांधलेले अंथरूण वापरावे, मान न हलविता तीन-चार जणांनी एकदम उचलावे. दोन्ही पाय गेलेला रुग्ण घरी परतला, की त्याला दर दोन तासांनी कूस बदलून देणे हा घरच्यांनी करावयाचा मुख्य उपचार असतो. ते न झाल्यास पाठीवर जखमा होतात व पुष्कळदा त्याच जिवावर बेततात. अर्धांगवायूच्या रुग्णाचा लुळा हात धरून त्यास ओढून उठवू नये, एवढे साधे पथ्यही घरोघर माहीत नसते. या रोगात पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, म्हणजे नेमक्या त्याच काळात रुग्ण अंथरुणावर पडून राहू नये.

मुलांच्या बाबतीत परिस्थिती आशादायक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून, शाळांतून व आश्रमशाळांतून मुलांची तपासणी करतात. जन्मतः आत वळलेले पाऊल पोन्सेटी पद्धतीने, आठवड्याला एक याप्रमाणे काही प्लॅस्टर घालून सरळ होते. त्यानंतर विशिष्ट बूट प्रारंभी जवळजवळ दिवसभर व पुढे चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रात्री घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले की बूट कोनाड्यात जातात आणि पाऊल पुन्हा वळते. हे बूट रोज घातले जातात किंवा नाही, हे अंगणवाडी सेविकेइतके सहज दुसरे कोणी पाहू शकत नाही. कुष्ठरोगाच्या रुग्णांचे असेच आहे. औषध मोफत मिळते व जंतू मरतात, पण बधिर हात रोज पाण्यात भिजवून, तेल लावून, बोटे सरळ ताणण्याचा परिपाठ न ठेवल्यास ती वाकडीच राहतात.

पंचायतीकडे यासाठी मार्ग आहेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे असतात. डोंगराळ भागातील लहान पंचायतीचे स्वउत्पन्न ते किती, हा भाग निराळा. शिवाय हा पैसा मुख्यतः प्रमाणपत्रधारकांपर्यंत पोहोचतो, प्लॅस्टर नुकतेच निघालेला मजूर त्या यादीत नसतो. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींना पेसा कायद्यानुसार आदिवासी उपयोजनेतून मिळणारा ५ टक्के अबंध निधी अधिक उपयोगी ठरेल, कारण त्याच्या विनियोगाचा निर्णय ग्रामसभा घेते आणि आरोग्य हा त्यातील मान्य विषय आहे. महिन्यातून एक दिवस भौतिकोपचारतज्ज्ञास उपकेंद्रात आणण्याचा प्रवासखर्च, दोन जोड कुबड्या, एक चाकाची खुर्ची, छिद्राची एक खुर्ची, एवढ्यासाठी मोठी तरतूद लागत नाही.

या भेटींचे दिवस ठरविताना शेतीचे व स्थलांतराचे वेळापत्रक समोर ठेवणे अगत्याचे आहे. आषाढात लावणी चालू असता कोणी येणार नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व थेट उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. पावसाळ्यात हाड मोडलेल्या माणसाचे व्यायाम तो गाव सोडण्यापूर्वी पुरे व्हावयाचे तर नवरात्रापूर्वी किमान दोन भेटी झाल्या पाहिजेत. आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत प्लॅस्टर निघाल्याची तारीख लिहिली गेली आणि तिच्यापुढे ‘उकिडवे बसता येते काय’ व ‘कामावर गेला काय’ असे दोन रकाने आखले गेले, तर कोणाच्या घरी आधी जावयाचे हे त्या वहीवरूनच कळू शकेल.