ॲसिड नक्षी काढत नाही

लिफ्टच्या चकचकीत दारावरची वेलबुट्टी, कारखान्याच्या फाटकावरची स्टीलची पाटी, हाताने घडवलेल्या सुरीच्या पात्यावरच्या लाटा आणि युरोपातल्या सरदारांची चिलखतं. या सगळ्यांत ॲसिडचा हात असू शकतो. पोलादाचा काही भाग झाकायचा, उरलेला उघडा ठेवायचा आणि तो रसायनाला खाऊ द्यायचा, एवढंच एचिंगचं तत्त्व. तरीही या कामाबद्दल बरेच गैरसमज आहेत. काही निरुपद्रवी आहेत, काही खिशाला चाट लावणारे, तर काही थेट जिवावर बेतणारे.

गैरसमज १ : ॲसिड पोलादावर नक्षी कोरतं.

वस्तुस्थिती : ॲसिडला नक्षी कळत नाही. ते फक्त उघडी जागा खातं. बाटिकमध्ये मेण जसं रंगाला अडवतं, तसं इथे मेण, राळ किंवा डांबराचा थर ॲसिडला अडवतो. कारागिराचं सगळं कसब या थरात असतं. जुन्या कारागिरांच्या दोन रीती होत्या. एकीत पूर्ण पत्र्यावर थर द्यायचा आणि टोकदार सळईने रेघा ओढून तेवढंच पोलाद उघडं करायचं. मग रेघा खोल जात. दुसरीत कुंचल्याने नक्षीच थराने रंगवायची आणि भोवतालची जमीन खाऊ द्यायची. मग पानंफुलं उठून दिसत. सोळाव्या शतकातल्या जर्मन चिलखतांवर ही दुसरी रीत भरपूर आढळते. खाल्लेल्या जमिनीत थराचे बारीक ठिपके सोडलेले असतात आणि खोलगट भागात काजळी भरून तो काळा केलेला असतो. काही चिलखतांवर सोन्याचा मुलामाही चढवत.

गैरसमज २ : एचिंग ही मुळात तांब्यावरच्या छापचित्रांची कला, पोलादावर ती नंतर आली.

वस्तुस्थिती : क्रम नेमका उलटा आहे. रेम्ब्रांटची तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली चित्रं प्रसिद्ध असल्यामुळे हा समज झाला असावा. पण ती सतराव्या शतकातली. शस्त्रकार त्याच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकातच, व्हिनेगर, मीठ, नवसागर, मोरचूद अशा जिनसांच्या मिश्रणाने पोलादावर नक्षी उठवत होते. जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा दानिएल होप्फर हा चिलखतं सजवणारा कारागीर. त्याची सही आणि १५३६ हे साल असलेली ढाल आजही माद्रिदच्या शाही शस्त्रागारात आहे. लोखंडी पत्र्यावर अशीच नक्षी उठवून तिच्यात शाई भरून कागदावर छापण्याचं तंत्र रूढ करण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं. साल नोंदलेलं सर्वांत जुनं एचिंग स्विस चित्रकार उर्स ग्राफचं, १५१३ चं. आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात सहा एचिंग्ज केली, तीही लोखंडावरच. लोखंडाचा पत्रा गंजतो आणि रेघही थोडी जाडीभरडी येते. म्हणून चित्रकार पुढे तांब्याकडे वळले. शस्त्रकार मात्र पोलादावरच राहिले.

गैरसमज ३ : पोलाद जितकं कडक, तितकं ते ॲसिडला दाद देत नाही.

वस्तुस्थिती : कडकपणा छिन्नीला अडवतो, ॲसिडला अडवत नाही. पाणी दिलेल्या पात्यावर कोरणी घसरते किंवा तिचं टोक मोडतं. ॲसिडला जोर लावावाच लागत नाही. कडक चिलखतं आणि तलवारी सजवायला शस्त्रकारांनी एचिंग जवळ केलं, ते बऱ्याच अंशी यामुळेच. पोलाद ॲसिडपुढे टिकेल की नाही हे त्याच्या कडकपणावरून नव्हे, त्यात काय मिसळलं आहे यावरून ठरतं. स्टेनलेसमधलं क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतं. ॲसिडला अडवतो तो हा थर.

गैरसमज ४ : ॲसिड जितकं जहाल, तितकं काम खोल आणि झटपट.

वस्तुस्थिती : सौम्य नायट्रिक ॲसिड लोखंडाला खातं. तेच अतिशय तीव्र असेल, तर लोखंडावर संरक्षक थर धरतो आणि क्रिया जवळपास थांबते. १८३६ साली श्योनबाइन आणि फॅरेडे या शास्त्रज्ञांनी या कोड्याचा अभ्यास केला होता. स्टेनलेसच्या बाबतीत तर नायट्रिक ॲसिड त्यावरचा ऑक्साइडचा थर आणखी भक्कम करतं. म्हणूनच नायट्रिक ॲसिड साठवायला स्टेनलेसच्या टाक्या वापरतात.

लिफ्टच्या दारांचे आणि पाट्यांचे पत्रे खायला सहसा फेरिक क्लोराइड वापरतात. पूर्वी इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या घरी बनवणाऱ्यांना हा तपकिरी द्राव ओळखीचा असेल. त्यातलं क्लोराइड स्टेनलेसवरचा ऑक्साइडचा थर फोडतं आणि फेरिक लोह धातूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेऊन त्याला विरघळवतं.

घाईचा आणखी एक तोटा आहे. ॲसिड फक्त खाली जात नाही, थराच्या कडेखालून आडवंही पसरतं. नक्षी जितकी खोल, तितकी रेघ रुंद. क्रिया फार जोरात झाली की बुडबुडे थर उचकटतात आणि कडा खडबडीत होतात. बारीक काम हवं असेल, तर सौम्य द्राव आणि धीर हेच खरं.

गैरसमज ५ : दमास्कस पात्यावरच्या लाटा ॲसिडने काढलेल्या असतात.

वस्तुस्थिती : खऱ्या पात्यात लाटा पोलादाच्या आत असतात. ॲसिड त्या फक्त दाखवतं. दक्षिण भारतात, विशेषतः आजच्या तेलंगणात, मुशीत तयार होणाऱ्या वूट्झ पोलादात कार्बाइडचे सूक्ष्म कण ओळीने मांडले जात. घासून गुळगुळीत केलेल्या पात्यावर हिराकशीसारख्या लोहक्षाराचा द्राव फिरवला की बाकीचं पोलाद काळवंडे आणि कार्बाइडच्या ओळी उजळ राहत. आज बाजारात मिळणारं दमास्कस बहुतेकदा वेगळं असतं. त्यात दोन प्रकारचे पोलादी थर तापवून, ठोकून एकजीव करतात. एका थरात निकेल असतं. फेरिक क्लोराइडमध्ये तो चमकत राहतो, दुसरा काळा पडतो.

फसवणूक होते ती इथेच. साध्या पोलादावर लाटांचा नमुना उमटवून, तो ॲसिडने खाऊन, पातं दमास्कस म्हणून विकलं जातं. परीक्षा सोपी आहे. पात्याचा छोटा भाग घासून गुळगुळीत करायचा आणि जाणकाराकडून त्यावर पुन्हा द्राव फिरवून घ्यायचा. लाटा परतल्या तर माल खरा. नाही परतल्या तर नक्षी वरवरची.

गैरसमज ६ : आपल्याकडच्या जुन्या शस्त्रांवरचं सोनेरी-रुपेरी काम एचिंगचंच.

वस्तुस्थिती : त्यातलं बरंचसं कोफ्तगिरीचं असतं. पोलादाचा पृष्ठभाग बारीक चरे पाडून खरखरीत करायचा आणि त्यावर सोन्याचांदीची तार ठोकून बसवायची. उदयपूरला आजही हे काम चालतं. बिदरीकाम तर पोलादावरचं नाहीच. ते जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर होतं, त्यातली नक्षी छिन्नीने कोरतात आणि कोरलेल्या खाचांत चांदी बसवतात. नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती वापरतात ती जमीन काळी करायला, नक्षी खायला नव्हे.

गैरसमज ७ : एचिंग केलेलं पोलाद गंजतंच.

वस्तुस्थिती : गंज येतो तो मागे राहिलेल्या रसायनामुळे. वस्तू भरपूर पाण्याने धुवावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावी, पुन्हा धुऊन लगेच कोरडी करावी आणि तेलाचा हात द्यावा. यातलं काही टाळलं, तर रेघांच्या तळाशी तांबूस डाग दिसू लागतात.

गैरसमज ८ : संडास साफ करायचं ॲसिड किंवा मीठ आणि बॅटरी असली की घरीही जमतं.

वस्तुस्थिती : हाच गैरसमज सर्वांत घातक. संडासच्या ॲसिडमधलं हायड्रोक्लोरिक वाफाळतं आणि खोलीतली बाकीची हत्यारंही गंजवतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. नायट्रिक ॲसिड आणि धातू एकत्र आले की तपकिरी वायू उठतो. तो फुप्फुसांत गेला तर त्रास कित्येक तासांनी सुरू होऊ शकतो. मिठाच्या पाण्यात स्टेनलेसमधून वीज सोडली, तर कर्करोगकारक क्रोमियम संयुगं तयार होण्याचा धोका असतो. मोरचूद आणि मिठाचं मिश्रण सौम्य वाटतं, पण मोरचूदही विषारी आहे. सोड्याने आम्लता मारली तरी वापरलेल्या द्रावातले धातू नाहीसे होत नाहीत. म्हणून तो गटारात ओतू नये.

ॲसिड नेहमी पाण्यात घालावं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली आहेत. ओळखपत्र आणि नोंदीशिवाय ते विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला तर मुळीच नाही. हौस असेल तर आधी एखाद्या कार्यशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखाली शिका. चष्मा, हातमोजे आणि खेळती हवा यांच्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका.