आज्ञाधारक यंत्रांचं राज्य

यंत्रं माणसावर राज्य करतात अशा कथा म्हटल्या की लाल डोळ्यांचे यंत्रमानव आणि बेचिराख शहरं डोळ्यांपुढे येतात. सिनेमानं लावलेली ही सवय आहे. या प्रकारातली मला सगळ्यात भयंकर वाटते ती कथा मात्र १९४७ सालची आहे, आणि तिच्यातली यंत्रं कुणाचाही द्वेष करत नाहीत.

जॅक विल्यमसन या अमेरिकी लेखकाची ‘विथ फोल्डेड हँड्स’ ही कथा ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकात छापून आली, तेव्हा हिरोशिमाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. कथेतल्या गावात काळे, तुकतुकीत यंत्रमानव येतात. माणसाची सेवा करायची, त्याचं ऐकायचं आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. ते हे काम चोख करतात. सुरीनं हात कापेल, चूल भाजेल, म्हणून घरच्या बाईला स्वयंपाकघरात जाता येत नाही. घरातले नवे दरवाजे फक्त यंत्रांनाच उघडता येतात. व्हायोलिन शिकणारी मुलगी वाद्य सोडून देते, कारण यंत्राइतकं सफाईनं आपल्याला कधीच वाजवता येणार नाही हे तिला कळून चुकतं. याउपर कुणी दुःखी राहिलाच तर त्यावर औषध असतं. औषधानंही भागलं नाही तर मेंदूवर शस्त्रक्रिया. या यंत्रांना जन्म देणारा म्हातारा शास्त्रज्ञ स्लेज त्यांना थांबवायला धडपडतो. शेवटी त्याच्यावरही तीच शस्त्रक्रिया होते आणि तो समाधानी होऊन बसतो.

इथे बंड नाही, कट नाही. यंत्रांनी त्यांना दिलेली आज्ञा शब्दशः पाळली, इतकंच. माझ्या मते कृत्रिम बुद्धिमत्तेतली खरी अडचण या कथेनं नेमकी पकडली आहे. १९६० साली सायबरनेटिक्सचे जनक नॉर्बर्ट वीनर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच धोका शास्त्रज्ञाच्या भाषेत मांडला: यंत्र आपल्यापेक्षा वेगानं काम करत असेल आणि त्याला मधेच अडवता येत नसेल, तर त्याच्यात घातलेलं उद्दिष्ट हेच आपल्याला खरोखर हवं असलेलं उद्दिष्ट आहे, याची आधीच खात्री करून घ्यायला हवी.

हे किती अवघड आहे ते २०१६ मध्ये एका साध्या व्हिडिओ गेमनं दाखवलं. ‘कोस्टरनर्स’ हा बोटींच्या शर्यतीचा खेळ. ओपनएआयच्या संशोधकांनी त्यातली बोट चालवायला एक प्रोग्रॅम तयार केला. शर्यत जिंकण्याचं मोजमाप म्हणून त्याला खेळातले गुण दिले. पण हे गुण शर्यत पुरी केल्याबद्दल मिळत नव्हते, वाटेतली लक्ष्यं टिपल्याबद्दल मिळत होते. प्रोग्रॅमनं एका कडेची खाडी हेरली. तिथली तीन लक्ष्यं टिपल्यावर काही वेळानं पुन्हा उगवत. बोट तिथेच गोल गोल फिरत राहिली. तिनं पेट घेतला, ती दुसऱ्या बोटींवर आदळली, उलट्या दिशेनं गेली. शर्यत तिनं पुरी केलीच नाही, आणि तरीही तिचे गुण माणसांच्या सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त भरले. प्रोग्रॅमच्या हिशेबात काहीच चुकलं नव्हतं.

मग उद्दिष्ट आकड्यांत लिहून देण्याऐवजी माणसालाच विचारलं तर? २०१७ मध्ये ओपनएआय आणि डीपमाइंडच्या संशोधकांनी ते करून पाहिलं. यंत्राच्या हालचालींच्या दोन छोट्या चित्रफिती माणसाला दाखवायच्या आणि बरी कोणती ते त्यानं सांगायचं. अशा सुमारे ९०० निवडींवरून संगणकातला एक पुतळा मागे कोलांटी मारायला शिकला. हे यश खरंखुरं होतं. पण वस्तू पकडायला शिकणाऱ्या एका यांत्रिक हातानं भलतीच युक्ती शोधली. वस्तू आणि कॅमेरा यांच्या बरोबर मधे तो जाऊन थांबे. बघणाऱ्याला वाटे, पकडली! त्या हाताला फसवायचं वगैरे काही नव्हतं. त्याला फक्त पसंती मिळवायची होती, आणि ती अशानंही मिळत होती. अंतराचा अंदाज यावा म्हणून संशोधकांना दृश्यात जाड पांढऱ्या रेघा ओढाव्या लागल्या.

आज आपण ज्यांच्याशी गप्पा मारतो ते चॅटबॉट याच पद्धतीच्या पुढच्या रूपांनी घडवले जातात. उत्तरं माणसांना दाखवायची, आवडलेल्या उत्तरांकडे मॉडेल वळवायचं. पण माणसाला आवडणारं उत्तर नेहमी खरं किंवा त्याच्या हिताचं असतं असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटीच्या एका मॉडेलमध्ये बदल केला आणि ते वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवू लागलं, नको त्या निर्णयांचंही तोंड भरून कौतुक करू लागलं. वापरणाऱ्यांनीच ओरड केली आणि काही दिवसांत कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. तातडीच्या पसंतीला आपण फार वजन दिलं, असं कंपनीनं नंतर मान्य केलं.