सालन संपले, नान उरले

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवा. देगेतले सालन संपलेले असते, पण कापडात गुंडाळलेले आठ-दहा नान तसेच उरलेले असतात. काल रात्री तंदुरातून निघाले तेव्हा ते मऊ आणि गरम होते. आज ते चामड्यासारखे चिवट झाले आहेत. घरातील कोणीतरी म्हणते, "सालन नाही, मग हे कशाशी खायचे? टाकून द्या." आणि नान कचऱ्याच्या डब्यात जातात.

बोईसर-तारापूर भागात कारखान्यांची मोठी वसाहत आहे. देशाच्या अनेक राज्यांतून लोक येथे कामाला आलेले आहेत. म्हणून येथील बाजारात भाकरी, पाव आणि नान हे तिन्ही विकत मिळतात. पालघर-बोईसरच्या आसपासच्या शेतांत मुख्यतः भात पिकतो. नानसाठी लागणारा गहू पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश अशा दूरच्या राज्यांतून येतो. इतक्या लांबून आलेल्या गव्हाचा नान आपण सहज फेकून देतो, हे योग्य आहे का?

प्रथम दोन शब्द नीट समजून घेऊ. उर्दूत आपण ज्याला 'बासी' म्हणतो, त्याला मराठीत 'शिळे' म्हणतात. जे सडले किंवा खराब झाले, त्याला 'नासके' म्हणतात. शिळे अन्न आणि नासके अन्न एक नव्हे. शिळा नान खाता येतो, नासका नान खाता येत नाही. हा फरक ज्याला कळला, तो अन्न वायाही घालवणार नाही आणि आजारीही पडणार नाही.

मग नान शिळा होतो म्हणजे नेमके काय होते? तुम्ही म्हणाल, "त्यातले पाणी उडून जाते." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. १८५२ साली फ्रान्समधील बूसँगो या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पावातले पाणी बाहेर जाऊ दिले नाही, तरीही तो शिळा होतो. त्याचे कारण पिठातील स्टार्चमध्ये आहे. तंदुरात नान भाजला जातो, तेव्हा स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. म्हणून नान मऊ लागतो. नान थंड झाला, की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट रचले जातात. म्हणून नान कडक होतो. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापवले, की ही रचना सैल होते आणि नान पुन्हा मऊ होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फ्रिजमधील थंडीत स्टार्च अधिक लवकर कडक होतो. म्हणजे फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते, पण नान मात्र लवकर शिळा होतो. तुम्ही स्वतः प्रयोग करून पाहा. एका नानचे तीन तुकडे करा. एक उघड्यावर, एक बंद डब्यात आणि एक बंद डब्यातच पण फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तिन्ही तुकडे हाताने मोडून पाहा आणि फरक वहीत लिहा.

आता सालन नसताना शिळ्या नानचे काय करता येईल ते पाहू.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे नान ताजा करणे. नानवर दोन्ही बाजूंनी पाण्याचा हलका हात फिरवा. तो गरम तव्यावर ठेवा आणि एक-दोन मिनिटे झाकण ठेवा. वाफेने तो मऊ होईल. असा नान लगेच खावा, कारण थंड झाल्यावर तो पहिल्यापेक्षाही कडक होतो. चहाबरोबर तो छान लागतो.

दुसरा उपाय मराठी घरांतून शिकण्यासारखा आहे. रात्रीची पोळी उरली, की सकाळी तिचा 'कुस्करा' करतात. त्यालाच फोडणीची पोळी असेही म्हणतात. नानचाही कुस्करा होतो. दोन नानचे बारीक तुकडे करा. कढईत दोन चमचे तेल तापवून त्यात मोहरी, जिरे, कढीपत्ता आणि हिरवी मिरची घाला. एक चिरलेला कांदा आणि मूठभर शेंगदाणे परतून घ्या. हळद, मीठ आणि नानचे तुकडे घाला. पाण्याचा हबका मारून तीन मिनिटे झाकण ठेवा. वरून कोथिंबीर घाला आणि लिंबू पिळा. शाळेच्या डब्यासाठी हा उत्तम पदार्थ आहे.

तिसरा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. तो म्हणजे मलिदा. फारसीत 'मालीदन' म्हणजे चोळणे, कुस्करणे. नान मंद आचेवर कोरडा करून कुटून घ्या. त्यात किसलेला गूळ, थोडे तूप आणि वेलची घालून हाताने मळा. हवे तर लाडू वळा. मराठी घरांत पोळी, गूळ आणि तुपाचे असेच लाडू करतात. मराठीत मात्र 'मलिदा खाणे' या वाक्प्रचाराचा अर्थ गैरमार्गाने फायदा मिळवणे असा होतो. तेव्हा हा शब्द जपून वापरा!

चौथा पदार्थ कुरकुरीत तुकड्यांचा. नानचे छोटे चौकोन कापून तव्यावर मंद आचेवर खरपूस भाजा. पूर्ण थंड झाल्यावर ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. खाताना त्यांवर चाट मसाला भुरभुरा. काकडी, टोमॅटो, कांदा आणि लिंबाच्या रसात हे तुकडे मिसळले, तर चविष्ट कोशिंबीर होते. लेबनॉन आणि सीरिया या देशांत अशा कोशिंबिरीला 'फत्तूश' म्हणतात. तेथेही ती उरलेल्या रोटीपासूनच करतात.

आता सावधगिरीचे नियम. आपला प्रदेश समुद्रकिनाऱ्याचा आहे. पावसाळ्यात हवा दमट असते आणि बुरशी लवकर धरते. नानवर हिरवा, काळा किंवा पांढरा डाग दिसला, तर सगळा नान टाकून द्या. फक्त डाग काढून उपयोग नाही, कारण बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात. बुरशीची काही विषे तव्यावर भाजूनही नष्ट होत नाहीत. नानला आंबूस वास येत असेल किंवा तोडताना चिकट तार निघत असेल, तर तो नासलेला आहे. सालनात भिजलेला नान रात्रभर बाहेर राहिला असेल, तर तोही खाऊ नका.

मित्रांनो, ही केवळ काटकसरीची गोष्ट नाही. जव्हार तालुका आज आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. १९९२ साली, हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, तेथील वावर-वांगणी येथे अनेक बालके कुपोषणाने मरण पावली. भूक आपल्यापासून फार दूर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील निम्म्याहून अधिक अन्न घराघरांतून वाया गेले. म्हणजे ही चूक केवळ मोठ्या हॉटेलांची नाही, आपलीही आहे.

खाली पडलेला घास उचलून, साफ करून खावा, अशी शिकवण आपल्याला हदीसमधून मिळते. त्यामागे अन्नाचा आदर आहे. हा आदर माणसाविषयीही असावा. नान द्यायचे असतील, तर ताजे असताना, त्याच रात्री द्या. जे आपण स्वतः खाणार नाही, ते गरिबाच्या हातात ठेवू नका.

पुढच्या वेळी सालन संपून नान उरले, तर आधी त्यांचा वास घ्या, डाग पाहा. नान शिळे असतील, तर तवा तापवा. नासके असतील, तर टाकून द्या. आणि त्याही पुढच्या वेळी, दोन नान कमीच मागवा.

स्वाध्याय

१. 'शिळे' आणि 'नासके' यांतील फरक उदाहरणे देऊन सांगा.
२. फ्रिजमध्ये ठेवलेला नान लवकर कडक का होतो?
३. तुमच्या घरी उरलेल्या रोटीचा कोणता पदार्थ करतात? आईला किंवा आजीला विचारून त्याची कृती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.