पीएफ कापला जातो? लकी आहात!

‘दर महिन्याला पीएफचे बारा टक्के जातात यार!’ एम्प्रेस सिटी मॉलमध्ये कॉफी पिताना मैत्रीण कुरकुरत होती. मी फ्रीलान्सर. माझं काहीच कापलं जात नाही, कारण मला पीएफच नाही!

गंमत म्हणजे, त्याच जागेवर पूर्वी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. पण कामगार रोज यायचेच नाहीत. दंड लावावा, तर कायमचे जायचे! म्हणून बक्षिसं, १८८६ मध्ये पेन्शन फंड, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. पीएफचा कायदा आला थेट १९५२ मध्ये. टाटांचा चांगुलपणा होताच. पण टिकणारी माणसं मिळत नव्हती, हेही खरं.

आमचं नेमकं उलटं. मध्यंतरी एका संपादकांकडे रेट वाढवून मागितला. ‘लिहिणारे खूप आहेत हो,’ म्हणाले. मग आम्ही आठ जणांनी ठरवलं, कमी पैशांत कुणीच लिहायचं नाही. पंधरा दिवसांत फुटलो! १९२९ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकही नागपुरातच फुटली होती. पण ती निदान तत्त्वावरून. आम्ही दिवाळी अंकाच्या एका असाइनमेंटवरून.

कॉफीचं बिल मैत्रिणीनं दिलं.