नेमणूक हुजुरांची, खोली कोणाची?

लेखमाला : एका छपराखाली (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण भरतीपाशी थांबलो होतो. वेगवेगळ्या प्रांतांची, जातिधर्मांची माणसं निवडली, आकडे अहवालात छापले, की कंपनीला आपलं काम झाल्यासारखं वाटतं. निवडलेला माणूस पहिल्या संध्याकाळी उतरतो कुठे, हे त्या अहवालात नसतं. हा प्रश्न समजून घ्यायचा तर बडोद्याला जावं लागतं. भरतीच्या बाबतीत या संस्थानाचा हात धरणारं त्या काळात फारसं कोणी नव्हतं.

राजघराणं मराठी, रयत बहुतांशी गुजराती. म्हणजे दरबार आणि बाजार यांची भाषा मुळातच वेगळी. १८८१ मध्ये सयाजीराव तिसरे यांच्या हाती पूर्ण अधिकार आले, तेव्हा दिवाण होते तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव. त्यांच्यानंतर काझी शहाबुद्दीन आले. पुढे बंगालचे रमेशचंद्र दत्त दिवाण झाले, नंतर व्ही. टी. कृष्णम्माचारी. ग्रंथालयं उभारायला १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हा अमेरिकन आणला. १९३१ मध्ये संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश काढला. ज्या कचेरीला असा कोश काढावासा वाटतो, तिथली माणसं किती ठिकाणांहून आली असतील याचा अंदाज येतो.

धंद्यातही हीच सरमिसळ. १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू झाली ती त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन या तिघांच्या पुढाकाराने: एक सुरतेचा रसायनशास्त्रज्ञ, एक मराठी, एक पाटीदार. पुढच्याच वर्षी, २० जुलै १९०८ रोजी, बँक ऑफ बडोदा निघाली. तिच्या उभारणीत मुंबईचे व्यापारी होते, गायकवाड घराणं होतं आणि राल्फ व्हाइटनॅक हा अमेरिकन अर्थतज्ज्ञही होता. नफ्यात वाटा असला की माणसं एकमेकांशी पटकन जुळवून घेतात. भागीदाराच्या घरी जेवलंच पाहिजे, असं भागीदारीच्या करारात कुठे लिहिलेलं नसतं.

नोकरीचं तसं नाही. नोकरदाराला गावात राहावं लागतं. अरविंद घोष १८९३ मध्ये इंग्लंडहून थेट बडोद्याच्या नोकरीत आले. बंगाली माणूस, ओळखदेख शून्य. पण संस्थानातले अधिकारी खासेराव जाधव यांच्याशी मैत्री जुळली आणि अरविंदबाबू दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी राहिले. सहकाऱ्याने घर दिलं, घराबरोबर शेजार मिळाला, गावातली उठबस आपोआप आली. १९०६ पर्यंत ते बडोद्यात होते.

१९१७ च्या सप्टेंबरात त्याच बडोद्याच्या स्टेशनावर भीमराव आंबेडकर उतरले. कोलंबिया विद्यापीठातलं त्यांचं शिक्षण बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर झालेलं. त्या बदल्यात संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत दीडशे रुपयांवर उमेदवारी मिळाली. पगार ठरला, टेबल ठरलं, खोली मात्र मिळेना. हिंदू खाणावळ दारातूनच परत पाठवणार, हे ठाऊक होतं. म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. ती जागा फक्त पारशांसाठी. रिकाम्या विश्रामगृहाच्या रखवालदाराला गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून त्याने वहीत पारशी नाव लिहून त्यांना ठेवून घेतलं. रोजचा आकार दीड रुपया, म्हणजे महिन्याचे पंचेचाळीस. पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा खोट्या नावाच्या खोलीत चालला होता. सरकारी बंगला मिळेल, या आशेवर ते दिवस काढत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि त्याच संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली.

त्यानंतर जे झालं ते मला काठ्यांहून अधिक महत्त्वाचं वाटतं. बाबासाहेब आपल्या एका हिंदू मित्राकडे गेले. मित्राला वाईट वाटलं, पण तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असं तो म्हणाला. दुसरा मित्र ख्रिस्ती, मूळचा ब्राह्मण. त्याला बायकोला विचारायचं होतं. हे टाळण्याचं उत्तर होतं, हे बाबासाहेबांना नंतर कळलं. दोघांपैकी एकानेही ‘मला तुमचं वावडं आहे’ असं म्हटलं नाही. एकाने नोकरांकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने बायकोकडे. कचेरीतही तोच प्रकार. शिपाई फायली दुरून टाकत, हे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवलं आहे. फाईल कशी द्यायची याचा हुकूम हुजूर, म्हणजे सयाजीराव, काढू शकले असते, पण त्यांचा हुकूम नेमणुकीपलीकडे पोहोचला नाही. शेवटी मुंबईला परतण्यावाचून इलाज उरला नाही. रात्री नऊच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठीबागेत काढले. त्याच बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, आता ‘संकल्पभूमी’ हे त्या प्रसंगाचं स्मारक आहे.

मग यावर इलाज काय? एक इलाज बडोद्याच्याच वेशीवर, दुसऱ्याच कारणाने, सापडला. १९६० च्या दशकात खतकारखाना आणि कोयलीची रिफायनरी आली. कारखाने गावाबाहेर, म्हणून वसाहतीही कंपन्यांनीच बांधल्या: फर्टिलायझरनगर, जवाहरनगर. अशा वसाहतीत क्वार्टर मिळतं ते हुद्दा आणि सेवाज्येष्ठता पाहून. शेजारी कोण हे यादी ठरवते, रहिवासी नव्हे. वसाहतींना पुढे हुद्द्याच्या भिंती आल्या, हे खरं. पण घर मागायला कोणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं.

आता मकरपुरा, वाघोडिया, सावली, हालोल इथल्या बऱ्याच कंपन्या घरभाडेभत्ता देतात आणि घराचं काम बाजारावर सोडतात. भत्ता सर्वांना सारखा, घर सर्वांना सारखं नाही. ‘नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न सोसायटीचा सेक्रेटरी हसतमुखाने विचारतो, आणि त्यात जात, धर्म, प्रांत अशा तीन चौकशा एकदम उरकतात. वर ‘अशांत धारा’ आहे. शहराच्या ज्या भागांना तो कायदा लागू आहे, तिथे घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०२४ मध्ये सरकारी आवास योजनेत एका मुस्लिम महिलेला रीतसर मिळालेल्या घरालाही इतर रहिवाशांनी विरोध केला. घर सरकारने दिलेलं, तिची नोकरीही सरकारी.

काही कंपन्या घर स्वतःच्या नावाने भाड्याने घेऊन कर्मचाऱ्याला देतात. खर्च वाढतो, पण नकार येतो तो कंपनीला येतो, आणि कंपनीला नकार देताना घरमालक दहा वेळा विचार करतो. भाडेकराराच्या मसुद्यात राहणाऱ्याच्या नावासाठी जागा कोरी ठेवायची का, यावर एचआर खात्यांत खल होतो. माझ्या मते ठेवावी, आणि सेक्रेटरीने विचारलंच तर कंपनीच्या लेटरहेडवर उत्तर द्यावं.

पुढच्या लेखांकात कँटीन : एकाच स्वयंपाकघरातून किती ताटं निघावीत?