सीमेवरील शाळा आणि राज्याचा नकाशा

निपाणीकडील मराठी प्राथमिक शाळेच्या भिंतीवर कर्नाटक राज्याचा नकाशा टांगलेला असतो. वर बिदर, खाली चामराजनगर, डाव्या अंगास समुद्र. आणि वायव्येच्या कोपर्‍यात, अगदी रेषेला चिकटून, निपाणी. रेषेच्या अलीकडे जिल्हे रंगविलेले आहेत, पलीकडे कोरा कागद आहे. त्या कोर्‍या कागदावर कागल आहे, मुरगूड आहे, गडहिंग्लज आहे. वर्गातील निम्म्या मुलांचे आजोळ तेथे असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या गावी आंबे खाल्ले ते गाव नकाशावर नाही, आणि जे कोलार किंवा रायचूर कधी पाहिले नाही ते मात्र ठळक अक्षरांत आहे, असे मुलाला दिसते. आपल्या राज्याचा भूगोल या मुलाला कसा शिकवावा, हा सीमाभागातील शिक्षकाचा रोजचा प्रश्न आहे.

ही अडचण केवळ भावनेची नाही. निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्ग वेदगंगा ओलांडतो. 2019 च्या ऑगस्टात त्या नदीच्या पुराने हा पुणे–बंगळुरू रस्ता बंद पडला होता. पूर का आला, असे मुलाने विचारले तर उत्तर भिंतीवरच्या नकाशात सापडत नाही. वेदगंगेचा उगम कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगडाच्या डोंगरात. पाऊस तेथे पडतो आणि पाणी येथे चढते. पुढे ही नदी दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला, आणि कृष्णा अलमट्टीच्या धरणाकडे जाते. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत चार राज्ये पाहते. नदी राज्याच्या रेषेपाशी सुरू होते असे शिकलेले मूल आपल्या दारातील पुराचे कारणही सांगू शकणार नाही. म्हणून शहाणा शिक्षक पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या नकाशाशेजारी एक मोठा कागद चिकटवितो, आणि वेदगंगेची निळी रेघ खडूने भुदरगडापर्यंत नेतो. पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध त्यात काही नाही. पुस्तकाने जेथे वाक्य अर्धे सोडले तेथे ते पुरे केले, इतकेच.

परंतु त्याही आधीची पायरी आहे. नऊ वर्षांच्या मुलाला भिंतीवर उभा टांगलेला नकाशा कळत नाही. त्याच्या लेखी उत्तर म्हणजे ‘वर’ आणि दक्षिण म्हणजे ‘खाली’. मग पाणी नेहमी दक्षिणेकडेच का वाहत नाही, असे तो विचारतो, आणि त्याचे विचारणे तर्काला धरूनच असते. नकाशा प्रथम जमिनीवर हवा. शाळेच्या अंगणात सकाळच्या उन्हात दिशा ठरवाव्यात, शाळा म्हणून एक दगड ठेवावा, बाजार म्हणून दुसरा, नदी म्हणून राखेची रेघ ओढावी. मग तालुका, मग जिल्हा. जिल्ह्याचे अंगण आखून झाले की खानापूरकडची तांबडी माती पश्चिमेस ठेवावी आणि अथणीकडची काळी माती पूर्वेस. तांबड्या मातीवर मुले भात ठेवतील, काळीवर जोंधळा. निपाणीच्या जागी एखादा मुलगा घरून तंबाखूचे पान आणील, आणि बाई रागावतील की काय म्हणून ते पाठीमागे धरून उभा राहील. ते पान तेथे ठेवलेच पाहिजे. ज्या पिकावर गावाची बाजारपेठ उभी राहिली ते भूगोलातून वगळून भूगोल शुद्ध होत नाही.

बेळगाव जिल्हा या दृष्टीने मोठा भाग्यवान आहे. 13,415 चौरस किलोमीटरांच्या या एका जिल्ह्यात सह्याद्रीचे दाट रान आहे आणि पावसाची वाट पाहणारे उघडे माळही आहेत. एकट्या खानापूर तालुक्यातून दोन नद्या निघतात. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेस वळते आणि शेवटी कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. म्हादई पश्चिमेस उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला भेटते. शेजारशेजारच्या डोंगरांवर पडलेले दोन थेंब दोन निरनिराळ्या समुद्रांना जातात! जलविभाजक हा शब्द पाठ करून घेण्यापेक्षा अंगणातील मातीचा उंचवटा करून त्यावर तांब्याभर पाणी ओतावे. दोन्ही बाजूंना पळणारे पाणी मुले विसरत नाहीत.

मलप्रभेचे तर आणखी एक सोयीचे आहे. सीमाभागातील कितीतरी मराठी कुटुंबे सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात. डोंगरावरून दिसणारा पाण्याचा विस्तार मुलांनी पाहिलेला असतो. तो नविलुतीर्थ धरणाचा जलाशय, आणि ‘नविलु’ म्हणजे मोर, एवढे सांगितले की कानडी शब्द परका राहत नाही. गावांची नावे हा भाषेचा फुकट मिळालेला कोश आहे. ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे, ‘ऊरु’ म्हणजे गाव, ‘केरे’ म्हणजे तळे, ‘कल्लु’ म्हणजे दगड. पाचसहा शब्द हाती आले की मूल राज्याचा नकाशा वाचू लागते. पूर्वी ते फक्त उच्चारत होते. मग शिक्षकाने हळूच सांगावे की घरात आपण ज्याला अण्णा म्हणतो, जिला अक्का म्हणतो, भातावर जे तूप घेतो, ते शब्दही कानडीतून आले आहेत. मुलांना याचे हसू येते, आणि घरी जाऊन ती आजीला सांगतात.

इतिहासाकडे वळताच पहिला अडथळा येतो तो ‘राज्य’ या शब्दाचाच. मराठीत शिवाजी महाराजांचे राज्य असते, रामाचे राज्य असते, आणि लपंडावात हरणार्‍यावरही ‘राज्य’ येते. तेव्हा कर्नाटक राज्य म्हटल्यावर ‘त्याचा राजा कोण?’ असा प्रश्न येणारच. तो हसण्यावारी नेऊ नये. बेळगावच्या महामार्गालगतची सुवर्ण विधानसौधाची पांढरी इमारत मुलांनी मोटारीतून पाहिलेली असते. 2012 साली तिचे उद्घाटन झाले. तेथे लोकांनी निवडून दिलेली माणसे बसून कायदे करतात, राजा नाही, हे त्या इमारतीकडे बोट दाखवून सांगता येते. सारांश, जुने राज्य आणि आजचे राज्य या दोन वस्तू भिन्न आहेत, हे आधी मुलाच्या मनात पक्के झाले पाहिजे. ते झाले नाही तर पुढचा सगळा इतिहास आजच्या सीमांवरचे भांडण होऊन बसतो.

कारण जुन्या राजांना या सीमा ठाऊकच नव्हत्या. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा ऐहोळे येथील शिलालेख 634 सालचा. त्यात तो तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचे म्हटले आहे. वेरूळचे कैलास लेणे कोरविणारा कृष्णराजा राष्ट्रकूट घराण्यातला, आणि त्या घराण्याची पुढची राजधानी मान्यखेट आज कलबुर्गी जिल्ह्यात आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी अक्षरे मराठीच्या अत्यंत जुन्या शिलालेखांत मोडतात. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी रट्ट राजांच्या काळातली, त्याच रट्टांचे राज्य तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांनी घेतले. शहाजीराजे बंगळुरूला राहिले, आणि 1664 साली त्यांचा अंत झाला तो कर्नाटकातील होदिगेरे येथे. त्यांची समाधीही तेथेच आहे. ज्या मराठी मुलाला शिवचरित्र घरी ऐकून तोंडपाठ आहे, त्याला दक्षिणेकडे नेणारी याहून चांगली वाट कोणती? आणि एकदा वाट सापडली की कित्तूरची राणी चन्नम्मा दूरची वाटत नाही. 1824 मध्ये तिने इंग्रजांच्या सैन्याशी झुंज दिली. तिचा साथी संगोळ्ळी रायण्णा 1831 साली ज्या नंदगडास फाशी गेला ते गाव खानापूर तालुक्यातले, मराठी बोलीचे. या दोघांना परक्यांचे वीर म्हणून झटकन उरकणारा शिक्षक मुलांचे नुकसान करतो. तितकेच नुकसान, ऐहोळेच्या लेखातील महाराष्ट्रकांचा उल्लेख गाळून पुढे जाणाराही करतो.

आता अवघड भाग. एक नोव्हेंबर आला की गावात एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात, आणि दुसरीकडे तोच दिवस काळा दिन म्हणून पाळला जातो. ‘गुरुजी, आपलं गाव खरं कुठलं?’ असा प्रश्न वर्गात येतो. काही शिक्षक तो ऐकू न आल्यासारखे करतात. काहींना भाषण सुचते. दोन्ही टाळावे. मुलाला सांगण्याजोग्या घटना सालांसह सांगता येतात. बेळगाव जिल्हा आधी मुंबई राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हैसूर संस्थान, मुंबई, हैदराबाद व मद्रास राज्यांतील काही भाग आणि कूर्ग असे पाच तुकडे जोडून ते नवे राज्य झाले. 1973 साली त्याचे नाव कर्नाटक ठेवण्यात आले. सीमाभागातील मराठी लोकांना हे मान्य झाले नाही. 1966 मध्ये केंद्र सरकारने महाजन आयोग नेमला. त्याचा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही. 2004 साली महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. आज शाळा, दवाखाना, रस्ता यांचा कारभार कर्नाटक शासन पाहते. वाद न्यायालयापुढे आहे. यात खोटे काही नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाला न पेलणारेही काही नाही. घरी वडील काय म्हणतात ते मूल सांगेल; ते ऐकून घ्यावे, फळ्यावर लिहू नये.

या पाठाला एक गृहपाठ चांगला जुळतो. मुलांनी आपल्या आजोबांना जन्मसाल विचारून यावे. एखाद्याचे आजोबा 1950 चे निघतात. मग वहीत एक आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्यावर साले मांडावयाची: जन्म मुंबई राज्यात, सहा वर्षांचे असताना म्हैसूर राज्यात, तेविसाव्या वर्षी कर्नाटकात. रेघेखाली आजोबांच्या घराचे चित्र काढावयाचे. एवढ्या घडामोडींत घर किती वेळा हलले, असे विचारले की मुले क्षणभर गप्प होतात, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, ‘एकदाबी नाही, गुरुजी.’