हिरवी कॅप्सूल म्हणजे सुका मेवा नव्हे

रमजानचा शेवटचा आठवडा आला की घरात दोन याद्या तयार होतात. एक शीरखुर्म्याची: शेवया, खारीक, बदाम, चारोळी. दुसरी मुलींची: मेंदी, बांगड्या आणि चेहऱ्यावर तेज यावे म्हणून ‘व्हिटॅमिन ई’च्या हिरव्या कॅप्सूलची पट्टी. ही दुसरी यादी फक्त मुस्लिम घरातली नाही. लग्नसराईत, सणासुदीला न्हावऱ्यापासून शिरूर-दौंडपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये ही पट्टी मागितली की मिळते. कोणी ती केसांसाठी घेते, कोणी पोटरीत गोळे येतात म्हणून, तर कोणी शेजारणीने सांगितले म्हणून.

ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी लावला. पेशींच्या आवरणाचे रक्षण करणे हे त्याचे मुख्य काम. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम पुरते. बाजारातल्या नेहमीच्या कॅप्सूलवर मात्र ४०० हा आकडा असतो. तिच्यातले जीवनसत्त्व कृत्रिम असेल, तर त्याचा प्रभाव नैसर्गिकाच्या निम्मा धरतात. तरीही एका कॅप्सूलमध्ये रोजच्या गरजेच्या सुमारे बारापट मात्रा जाते. शिवाय हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारे आहे. ‘क’ जीवनसत्त्वासारखे ते लघवीवाटे पटकन निघून जात नाही, अंगातल्या चरबीत साठते.

खरा धोका रक्ताशी जोडलेला आहे. जास्त मात्रेतले ‘ई’ रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणते. घरात कोणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कोणाला पक्षाघात होऊन गेलेला असतो. त्यांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. अशा अब्बांना किंवा आजोबांना “ताकद येईल” म्हणून कोणी प्रेमाने ही कॅप्सूल दिली, तर दोन औषधांचा जोर एकाच दिशेने लागतो. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे, शौचास डांबरासारखी काळी होणे, अचानक असह्य डोके दुखणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. पण भीतीपोटी रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नका. तेही तितकेच घातक आहे.

बराच काळ कॅप्सूल घेत राहण्याचा परिणाम एका मोठ्या चाचणीत दिसला. अमेरिका व कॅनडातील ३५ हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. ‘ई’ने प्रोस्टेटचा कर्करोग टळेल, अशी आशा होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला तो उलटा. रोज ४०० युनिट ‘ई’ घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

आणि चेहऱ्याचे काय? १९९९ च्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ‘ई’ लावून पाहिले. बहुतेकांना फायदा झाला नाही, तिघांपैकी एकाच्या त्वचेला उलट खाज आणि पुरळ आले. ईदच्या आदल्या रात्री कॅप्सूल फोडून प्रथमच चेहऱ्यावर चोळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

डॉक्टर ही कॅप्सूल देतात तेव्हा त्याला कारण असते: आतड्यातून चरबी न शोषली जाण्याचा आजार, किंवा यकृतावर चरबी चढलेले काही ठरावीक रुग्ण. अशांनी ती रोज्यातही घ्यावी, मात्र इफ्तारनंतरच्या जेवणासोबत. तेलकट अन्नाबरोबर ती नीट शोषली जाते. रमजानमध्ये सगळ्या गोळ्या सहरी आणि इफ्तार या दोन वेळांत दाटतात. त्यामुळे कोणती कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आजारी माणसाला रोजा पुढे ठेवण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

आणखी एक गोष्ट. या मऊ कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. हलाल पाहणाऱ्याला आणि माळकऱ्याला, दोघांनाही हा प्रश्न सारखाच. औषध खरेच गरजेचे असेल तर दुसरा पर्याय आहे का, हे दुकानदाराला विचारायला संकोच नको.

निरोगी माणसाची गरज मात्र स्वयंपाकघरातच भागते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बदामांत सुमारे ७ मिलिग्रॅम, मोठा चमचाभर सूर्यफूल तेलात साडेपाच, तितक्याच शेंगदाण्यांत अडीच मिलिग्रॅम ‘ई’ मिळते. शेंगदाण्याची चटणी, पालकाची भाजी आणि शीरखुर्म्यातले बदाम हे काम निमूटपणे करत असतात.

घरात पट्टी असेलच, तर तीन गोष्टी करा. सोबत मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातले ‘ई’ही मोजा. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि न्हावऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या. त्या पिशवीत ही हिरवी पट्टीही असू द्या. बहुतेक जण तिला औषध समजत नाहीत, म्हणून तीच घरी राहते.